नगराची जमीन परतलेल्या सैनिकांना घरासाठी विकताना: ठरावापासून खरेदीखतापर्यंत

युद्ध संपतं, माणसं परततात आणि काही महिन्यांतच कळून चुकतं की राहायला जागा नाही. कुणी आईवडिलांच्या दोन खोल्यांत, कुणी सासुरवाडीला, कुणी तान्ह्या मुलासकट भाड्याच्या एका खोलीत दिवस काढतं. ही कुटुंबं नगरपालिकेच्या दारात येतात. नगराकडे पैसा नसतो, पण जमीन असते. मग सभेत कुणीतरी उठतं आणि म्हणतं, पडून असलेली जागा यांना स्वस्तात देऊन टाकू. ठराव एकमताने मंजूर होतो.

खरं काम तिथून पुढे सुरू होतं. तीन वर्षांनी त्या जागेवर जाऊन पाहिलं तर निम्म्या प्लॉटवर झुडपं असतात, काही प्लॉट दलालाच्या नावावर गेलेले असतात आणि एखाद्याच्या मालकीचा वाद न्यायालयात असतो. म्हणून योजनेचं यश किती प्लॉट वाटले यावर मोजू नका, किती घरांत माणसं राहायला आली यावर मोजा. पुढची प्रत्येक पायरी त्या एका आकड्यासाठी आहे.

हा प्रश्न फार जुना आहे. इसवी सनापूर्वी ४१ मध्ये रोमन नेता ऑक्टेव्हियनने आपल्या सैनिकांना जमीन देण्यासाठी इटलीतल्या नगरांच्या जमिनी हिसकावल्या. त्यासाठी १८ नगरं आधीच नेमून ठेवलेली होती. त्यातून इतका असंतोष माजला की यादवी पेटली. तोच माणूस पुढे ऑगस्टस झाला, तेव्हा सैनिकांना दिलेल्या जमिनींचे पैसे त्याने नगरांना मोजून दिले आणि आपल्या कारकिर्दीच्या शिलालेखात ते अभिमानाने नोंदवलं: इटलीतल्या जमिनींसाठी सुमारे ६० कोटी सेस्टर्स (रोमन नाणी), प्रांतांतल्या जमिनींसाठी सुमारे २६ कोटी. जमीन कुणाची, तिचा मोबदला कोण सोसतो आणि तो कुठे लिहून ठेवला आहे, हे तीन प्रश्न आजही पहिले आहेत.

जागांची यादी करा आणि प्रत्येक जागा नगराकडे कशी आली ते शोधा

नकाशावर ‘नगराची जागा’ म्हणून रंगवलेले सगळे तुकडे सारखे नसतात. काही विकत घेतलेले, काही कुणी दान दिलेले, काही कर थकल्यामुळे नगराने ताब्यात घेतलेले. यादीत प्रत्येक तुकड्यासमोर क्षेत्रफळ, हद्दी, रस्ता लागतो का, पाण्याची आणि सांडपाण्याची वाहिनी किती लांब, सध्या वापर काय, हे लिहाच. पण सगळ्यात महत्त्वाचा रकाना ‘कसा मिळाला’ हा आहे.

विकत घेतलेली जागा बहुधा निर्धोक असते. दानात मिळालेल्या जागेचं दानपत्र मुळातून वाचा. ‘शाळेसाठी’ किंवा ‘मुलांच्या खेळण्यासाठी’ असं लिहिलेलं असेल, तर घरांसाठी विकल्यावर दात्याचे वारस दावा लावू शकतात. उद्यान म्हणून राखलेल्या जमिनीला तर हात लावण्याआधी दहादा विचार करा. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात अशी जमीन दुसऱ्या कामाकडे वळवायला राज्याच्या विधिमंडळाचं दोन-तृतीयांश बहुमत लागतं. इतका कडक नियम सगळीकडे नसेल, पण लोकांचा राग सगळीकडे सारखाच असतो.

करथकबाकीत आलेल्या जागा सगळ्यात मोहक आणि सगळ्यात फसव्या. मंदीच्या काळात लोक कर भरू शकत नाहीत, नगर जागा ताब्यात घेतं, आणि वर्षानुवर्षं ती पडून राहते. प्रश्न असा की ताबा घेताना मूळ मालकाला रीतसर नोटीस गेली होती का? तो मेला असेल तर सगळ्या वारसांना गेली होती का? जागा सोडवून घेण्याची मुदत कायद्याने पूर्ण संपली आहे का? यातलं एक जरी राहिलं असेल, तर मालकी अर्धवट आहे. अशा जागेवर सैनिकाने घर बांधलं आणि मग परगावाहून एखादा पुतण्या कागद घेऊन उभा राहिला, तर नगराने त्या कुटुंबाचं भलं केलं की वाटोळं? म्हणून प्रत्येक तुकड्याचा मालकी शोध वकिलाकडून लेखी घ्या. संशय असेल तिथे आधी न्यायालयाकडून मालकी पक्की करून घ्या. त्यात वर्ष गेलं तरी चालेल. तो तुकडा पहिल्या फेरीतून बाजूला ठेवा.

मग जागेवर जा. कागदावर चौकोनी दिसणारा तुकडा ओढ्यात असू शकतो. पावसाळ्यात एकदा आणि कोरड्या दिवसांत एकदा पाहा. शेजाऱ्याचं कुंपण आत आलं आहे का, लोकांची जुनी पायवाट आहे का, पूर्वी तिथे कचरा टाकला जात होता का, हे आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. आणि स्वतःला एक रोकडा प्रश्न विचारा: ही जागा इतकी वर्षं कुणीच का घेतली नाही? पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाने परतलेल्या सैनिकांना शेतजमिनीवर वसवलं. योजना कोसळल्यावर न्यायमूर्ती पाइक यांच्या १९२९ च्या अहवालाने जी कारणं दिली, त्यांत अपुरं भांडवल आणि पोट भरायला न पुरणारे लहान तुकडे ही ठळक होती. घराच्या प्लॉटलाही हे लागू आहे. ज्या जागेवर बाजारातला माणूस घर बांधणार नाही, ती सैनिकाच्या गळ्यात मारून त्याला सन्मान म्हणू नका.

विकण्याचा अधिकार तपासा, मगच ठराव लिहा

बहुतेक ठिकाणी स्थानिक संस्थेला जमीन मनमानी विकता येत नाही. जादा बहुमत, जाहीर नोटीस, वरच्या शासनाची मंजुरी, लिलावाची सक्ती किंवा बाजारभावापेक्षा कमी किमतीला बंदी, यांपैकी काही ना काही आडवं येतंच. आपल्याकडचा कायदा सवलतीला परवानगी देतो का, ते आधी लेखी मागवा. देत नसेल तर राज्याकडून खास परवानगी घ्यावी लागेल. ठराव आधी आणि परवानगी मागून असं केलं, तर एखादा नाराज करदाता सगळी विक्री रद्द करून आणू शकतो.

ठरावात भावना दोन ओळींत आटपा. बाकीच्या जागेत हे हवं: कोणते तुकडे (क्रमांकासह), कोण पात्र, किंमत कशी ठरणार, निवड कशी होणार, कोणत्या अटी खतात जाणार, पैसे कोणत्या खात्यात जमा होणार आणि कामाला जबाबदार अधिकारी कोण. सार्वजनिक हित काय आहे तेही स्पष्ट लिहा. उद्या सवलतीला आव्हान मिळालं, तर न्यायालय तेच वाचणार आहे. नगरसेवक, कर्मचारी आणि त्यांच्या जवळच्या नातलगांनी अर्ज केला तर काय, याचं उत्तरही याच ठरावात द्या. नंतर दिलेलं उत्तर कुणी खरं मानत नाही.

विकण्याऐवजी दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी, असा सूर हमखास निघतो. जमीन नगराकडे राहते, सट्टा थांबतो, हे खरं. पण कर्ज देणारे भाडेपट्ट्याच्या जागेला बिचकत असतील तर घर उभंच राहणार नाही. तुमच्या भागातल्या बँका अशा जागेवर कर्ज देतात का, एवढ्या एका माहितीवर हा वाद मिटवा.

मोजणी, आखणी, रस्ता, पाणी

हद्दीच्या खुणा जमिनीत रोवल्याशिवाय एकही प्लॉट विकू नका. प्लॉट एकमेकांना लागून असतील असं पाहा. गावभर विखुरलेल्या तुकड्यांपेक्षा एकाच रस्त्यावरचे दहा प्लॉट नगराला स्वस्त पडतात, कारण वाहिनी एकदाच टाकावी लागते.

रस्ता आणि पाण्याचा खर्च कोण करणार, हे खरेदीदाराला अर्जाच्या वेळीच कळलं पाहिजे. नगर करणार असेल तर तारीख द्या आणि अंदाजपत्रकात रक्कम धरा. खरेदीदार करणार असेल तर अंदाजे आकडा द्या. ‘सुविधा यथावकाश’ ही ओळ मी ज्या-ज्या जाहिरातीत पाहिली आहे, तिथे लोकांनी बादलीने पाणी वाहिलं आहे.

किंमत

फुकट देऊ नये, असं माझं मत आहे. मोजणी, वकील, नोंदणी आणि रस्त्याचा वाटा एवढं तरी वसूल व्हावं, नाहीतर दुसऱ्या फेरीसाठी तिजोरीत काही उरत नाही. शिवाय थोडी रक्कम भरलेला माणूस बांधायच्या तयारीने येतो.

प्रत्येक प्लॉटला दोन आकडे लावा. एक, स्वतंत्र मूल्यांककाने ठरवलेला बाजारभाव. दुसरा, विक्रीची किंमत. दोन्ही खतात छापा. यांतला फरक म्हणजे नगराने दिलेली सवलत, आणि ती आकड्यात लिहिलेली असली तरच पुढे तिचं रक्षण करता येतं. कोपऱ्याचा प्लॉट आणि उताराचा प्लॉट एकाच किमतीला ठेवू नका.

युद्धानंतरचे भाव चढे असतात, हे विसरू नका. अमेरिकेने २२ जून १९४४ च्या कायद्याने सैनिकांच्या गृहकर्जाला सरकारी हमी दिली. सुरुवातीला हमी कर्जाच्या निम्म्या रकमेपर्यंत आणि कमाल २,००० डॉलर होती, आणि घराची किंमत ‘सामान्य काळातल्या’ वाजवी मूल्यात बसायला हवी होती. टंचाईच्या बाजारात तसं घर मिळेना. १९४५ च्या डिसेंबरात ती मर्यादा ४,००० डॉलर केली आणि ‘सामान्य काळ’ काढून टाकला. १९५२ पर्यंत सुमारे २४ लाख गृहकर्जांना हमी मिळाली. बांधकामाचा खर्च हाही असाच घोटाळा करतो. ब्रिटनने १९१९ मध्ये वीरांसाठी घरं म्हणून ५ लाख घरांचं लक्ष्य ठेवलं. साहित्य आणि कारागीर मिळेनात, खर्च भडकला, १९२१ मध्ये सरकारने हात आखडता घेतला आणि लक्ष्याच्या निम्मीही घरं झाली नाहीत. म्हणून प्लॉटची किंमत ठरवताना तिच्या शेजारीच पूर्ण घराचा खर्चही मांडा. जमीन स्वस्त आणि घर आवाक्याबाहेर, असं निघालं तर आकार लहान करा, दोन घरांची एक सामाईक भिंत ठेवा, किंवा टप्प्याने बांधता येईल असा आराखडा मंजूर करा.

पात्र कोण

‘सैनिक’ म्हणजे कोण, हे मोघम ठेवलं की भांडणं ठरलेली. सेवेच्या तारखा, किमान सेवेचा कालावधी, कोणत्या प्रकारची सेवामुक्ती चालेल, हे लिहा. आघाडीवर न गेलेला पण वर्दीत राहिलेला स्वयंपाकी किंवा मेकॅनिक पात्र आहे का? माझ्या मते हो. युद्ध फक्त बंदुकीने लढलं जात नाही. लढाईत गेलेल्याची पत्नी किंवा पती, त्याच्यावर अवलंबून असलेले आईवडील, इस्पितळात अजून उपचार घेणारा, परदेशी तळावर अडकलेला, या सगळ्यांची सोय करा. गैरहजर माणसाला मुखत्यारपत्रावर अर्ज करता यावा. पण मुखत्यार जमिनीचा दलाल नसावा.

रहिवासाची अट विचारपूर्वक घाला. ‘भरती होताना या नगरात राहणारा’ हा निकष न्याय्य वाटतो. ‘अर्जाच्या आधी सलग पाच वर्षं इथे राहणारा’ असं लिहिलं तर युद्धावर गेलेलाच अपात्र ठरतो. हसू येईल, पण अशा अटी छापील नमुन्यातून तशाच उतरतात.

कागदावर सगळ्यांना खुली असलेली योजना प्रत्यक्षात किती बंद असू शकते, याचा दाखला अमेरिकेतच आहे. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या १३ शहरांच्या पाहणीत सैनिकांना सरकारी हमीवर दिलेल्या ३,२२९ कर्जांपैकी कृष्णवर्णीय सैनिकांना मिळालेली कर्जं फक्त २ होती. कायद्यात तसं काही लिहिलेलं नव्हतं. कर्ज देणारे हात स्थानिक होते. तेव्हा कुणाला नाकारलं आणि का, याची नोंद ठेवा आणि ती दर फेरीनंतर सभेपुढे मांडा.

सेवामुक्तीचं प्रमाणपत्र मूळ स्वरूपात पाहा आणि देणाऱ्या कार्यालयाकडून पडताळून घ्या. त्यात जखमांच्या, आजारांच्या नोंदी असू शकतात, म्हणून प्रती टेबलावर पसरलेल्या नसाव्यात. पडताळणी झाली, शिक्का मारला, मूळ कागद परत.

सोडत

आधी येईल त्याला आधी, हा नियम सगळ्यात वाईट. ज्याचा मेहुणा कार्यालयात आहे त्याला तारीख आधी कळते, आणि जो अजून इस्पितळात आहे तो मागे राहतो. अर्जाची मुदत निदान साठ दिवस ठेवा आणि मग जाहीर सोडत काढा.

सोडतीत प्लॉटची चिठ्ठी काढू नका, निवडीचा क्रम काढा. पहिल्या क्रमांकाचा अर्जदार नकाशासमोर येतो, हवा तो प्लॉट निवडतो, मग दुसरा. याने एक गंमत होते: ज्याला शाळेजवळ हवं तो शाळेजवळ जातो, ज्याला परसात भाजी लावायची तो मोठा प्लॉट घेतो आणि अदलाबदलीचे अर्ज नंतर येत नाहीत. चाकाच्या खुर्चीवर असलेल्यांसाठी सपाट, रस्त्यालगतचे प्लॉट सोडतीआधीच बाजूला काढा. उरलेल्यांची प्रतीक्षा यादी त्याच दिवशी, त्याच सभागृहात वाचून दाखवा आणि दारावर लावा.

खतातल्या अटी

योजना तरते किंवा बुडते ती इथे. नगराला दोन गोष्टी हव्या असतात: घर वेळेत व्हावं आणि सवलत दलालाच्या खिशात जाऊ नये. दोन्हींसाठी सहज सुचणारा उपाय म्हणजे ‘अट मोडल्यास जमीन आपोआप नगराकडे परत’ असं लिहिणं. हे वाक्य पाहिलं की बँकेचा वकील फाइल बंद करतो. बँक कर्ज देते ते जमीन आणि घर गहाण ठेवून. घर अर्धं झालं, मुदत टळली आणि जमीन आपोआप नगराची झाली, तर बँकेचं तारण गेलं. म्हणजे सैनिकाच्या रक्षणासाठी घातलेली अट त्याचंच कर्ज अडवते.

मार्ग असा की परत घेण्याचा हक्क ठेवायचा, पण तो आपोआप लागू होऊ द्यायचा नाही आणि बँकेच्या मागे उभा करायचा. वकिलाला सुरुवात म्हणून असा मसुदा देता येईल:

‘खरेदीदाराने या खताच्या तारखेपासून १८ महिन्यांत पाया व जोते पूर्ण करावे आणि ३६ महिन्यांत राहण्यायोग्य घर बांधून त्यात स्वतः राहावयास यावे. तसे न झाल्यास, ९० दिवसांची लेखी नोटीस देऊन, मूळ विक्री किंमत व झालेल्या बांधकामाचे मूल्य अदा करून जमीन परत घेण्याचा हक्क नगरास राहील. हा हक्क घरबांधणीसाठी घेतलेल्या पहिल्या नोंदणीकृत गहाणाच्या मागे राहील. आजारपण, पुन्हा लष्करी सेवेस बोलावणे अथवा साहित्याची टंचाई या कारणांसाठी नगर मुदत वाढवून देईल.’

शेवटच्या वाक्यात ‘देऊ शकेल’ असं लिहिण्याचा मोह टाळा. ‘शकेल’ लिहिलं की मुदतवाढ ही मेहेरबानी होते, आणि मेहेरबानीसाठी फेऱ्या माराव्या लागतात.

आता पुनर्विक्री. सरसकट बंदी घालू नका. नोकरी बदलते, संसार मोडतो, माणूस मरतो. बंदीपेक्षा सवलत हळूहळू माफ करण्याची पद्धत चांगली. समजा प्लॉटचा बाजारभाव १०० आहे आणि नगराने तो ४० ला दिला. सवलत ६०. ही रक्कम दुय्यम बोजा म्हणून, म्हणजे बँकेच्या गहाणानंतर येणारं जमिनीवरचं देणं म्हणून, नोंदवा. त्यावर व्याज नाही, हप्ता नाही. मालक स्वतः राहिला की दर पूर्ण वर्षाला ६ माफ. दहा वर्षांनी बोजा शून्य. चार वर्षांनी विकलं तर ३६ नगराला परत.

पण चार वर्षांत जमिनीचा भाव १८० झाला असेल तर? ३६ हा ठरावीक आकडा धरला, तर वाढीतला सगळा मलिदा विकणाऱ्याचा. ३६ टक्के धरले तर नगराला ६४.८ मिळतात आणि ते पुढच्या कुटुंबाच्या सवलतीला लावता येतात. युद्धोत्तर चढत्या बाजारात मी टक्केवारीच घेईन, मात्र फक्त जमिनीच्या किमतीवर. घर त्याने घाम गाळून बांधलं, त्याच्या वाढीत नगराचा वाटा नको.

कॅनडाच्या १९४२ च्या सैनिक भूमी कायद्यात असंच सूत्र होतं: सैनिक १० टक्के आधी भरायचा, मग हप्ते द्यायचा, मालकी तोवर सरकारी संचालकाकडे राहायची आणि अटी पाळून दहा वर्षं काढली की अनुदानाचा भाग त्याचा व्हायचा. मालकी स्वतःकडे ठेवणं सरकारला परवडलं, कारण कर्जदाताही तेच होतं. नगराला ते जमणार नाही. त्याने बोजाच नोंदवावा.

वारसाहक्काने पत्नी, पती किंवा मुलांकडे जाताना बोजाची वसुली होणार नाही, हे वेगळं कलम करून लिहा. घटस्फोटात घर राखणाऱ्या जोडीदारालाही तीच सोय द्या.

कर्ज आणि व्यवहाराचा दिवस

खताचा मसुदा सोडतीआधी दोन-तीन बँकांच्या वकिलांना दाखवा आणि हरकती लेखी मागवा. सोडतीनंतर दाखवला, तर तीस कुटुंबं हातात चिठ्ठी घेऊन वाट पाहत बसतात. अर्जदाराला निवड झाल्यापासून कर्जमंजुरीसाठी पुरेसा वेळ द्या, आणि तोवर त्याच्याकडून नाममात्र अनामतच घ्या.

व्यवहाराच्या दिवशी क्रम महत्त्वाचा: आधी खरेदीखत, लगेच बँकेचं गहाणखत, त्यानंतर नगराचा दुय्यम बोजा, तिन्ही एकाच बैठकीत नोंदवायची. क्रम उलटा झाला की नगर चुकून बँकेच्या पुढे जातं आणि कर्जाचा पहिला हप्ता थांबतो. बांधकाम परवाना त्याच टेबलावर हातात द्या. आराखडे आधीच मंजूर केलेले असतील तर हे सहज जमतं. घराला पुढे किती मालमत्ता कर लागेल, तेही सांगून टाका.

नंतरची देखरेख

एक नोंदवही, एक अधिकारी. प्रत्येक प्लॉटसमोर जोत्याची तारीख, राहायला आल्याची तारीख, उरलेला बोजा. मुदत संपण्याच्या सहा महिने आधी जागेवर जाऊन विचारा की काय अडलं आहे. बहुतेकदा कर्जाचा हप्ता, गवंडी किंवा पाण्याची जोडणी अडलेली असते, आणि यातली शेवटची गोष्ट नगराच्याच हातात असते. विक्रीचे पैसे सर्वसाधारण निधीत मिसळू देऊ नका. वेगळ्या खात्यात ठेवा आणि पुढच्या तुकड्यांच्या रस्त्या-पाण्यावर खर्च करा.

काही प्लॉट परत येतील. ते लिलावात काढण्याची घाई करू नका. आधी प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या कुटुंबाला द्या. बाजारभाव नव्याने काढा, सवलतीची टक्केवारी जुनीच ठेवा आणि अर्धवट बांधकाम असेल तर त्याचं वेगळं मूल्यांकन करून ती रक्कम आधीच्या खरेदीदाराला, बँकेचं देणं वळतं करून, चुकती करा. यादी संपली आणि तरी प्लॉट उरले, तर ते कोणाला द्यायचे हे पुन्हा सभेपुढे न्या. पहिला ठराव फक्त सैनिकांपुरता होता.